मिस्त्रींच्या मुलीची हजेरी

मिस्त्रींना काही विचारलं की ते उत्तर देत नसत. ज्याबद्दल विचारलं ती वस्तू ते तुमच्या हातात ठेवत आणि म्हणत, "पाहा ना हातात घेऊन." मग स्वतः कामाला लागत. तुम्ही पाटील असा की माझ्यासारखे शाळेतले गुरुजी, ती तेलकट वस्तू हातात धरून तुम्हाला काही वेळ उभं राहावंच लागे.

मी त्या गावात नवा होतो तेव्हाची गोष्ट. माझा कंदील काजळी धरत असे. तो घेऊन मी त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये गेलो. त्यांनी बर्नर काढून माझ्या तळहातावर ठेवला. पाऊण तास मी तो उलटासुलटा करत राहिलो, तेव्हा लक्षात आलं की वात तिरपी कापली गेली आहे. मिस्त्रींना ते पहिल्या नजरेतच दिसलं असणार.

"मग सांगितलं का नाही?" मी जरा रागानंच विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी पुढच्या महिन्यात पुन्हा आले असते," ते म्हणाले.

मोताळा तालुक्यातलं ते लहानसं गाव धामणगाव बढ्याच्या बाजारापासून दोन कोसांवर होतं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. विहिरींवरच्या मोटा जाऊन ऑइल इंजिनं येऊ लागली होती आणि आलेली इंजिनं बिघडत होती. ती दुरुस्त करणारा आसपासच्या दहा-बारा खेड्यांत हा एकच माणूस. शाळा चौथीत सुटलेली. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये हमाली करताना तिथं भंगारात पडलेलं इंजिन ते दुपारच्या सुटीत खोलून पाहत. दोन वर्षांनी ते इंजिन सुरू झालं आणि यांची हमाली सुटली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना आपण हुशार म्हणतो आणि आपल्या मुलांना मात्र त्यांच्यापासून जरा दूर बसवतो.

त्यांची मुलगी इंदू माझ्या वर्गात होती. दुसरीत. ती डाव्या हातानं लिहायची. तेव्हा आमच्याकडे त्यावर एकच उपाय होता आणि तो शिक्षण खात्यानं सांगावा लागत नसे. आमच्या गुरुजींनी आमच्या वेळी केलेला आम्ही पाहिलेला होता. मी तिच्याच वेणीची लाल फीत सोडली आणि तिचा डावा हात कमरेच्या नाडीला बांधला. ती रडली नाही. दिवसभर पाटीवर उजव्या हातानं वेड्यावाकड्या रेघा ओढत राहिली आणि मला वाटलं, जमतंय.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना व्हायच्या आधी मिस्त्री शाळेत आले. फीत त्यांच्या हातात होती.

"गुरुजी, हात कोनं बांधला?"

"मी."

"काऊन?"

"डाव्या हातानं लिहिते ती."

"मंग अक्षर बरोबर नोतं येत?"

"अक्षर चांगलं आहे. पण उजव्या हातानं..."

"बरोबर येत होतं," ते म्हणाले. "मंग त्या हातानं काय चोरी केली?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. इंदूची पाटी उचलून ते म्हणाले, "तिचं नाव काटून टाका. मी पाह्यतो काय पाहाचं थे."

नाव कापलं गेलं नाही. हेडमास्तरांनी मला कोपऱ्यात घेतलं. एका शिक्षकामागं किती मुलं असावीत याचा नियम होता. पटावरची मुलं घटली की एका शिक्षकाची बदली व्हायची आणि सगळ्यांत नवा मी होतो. "मुलगी आठ दिवसांत येईल परत," ते म्हणाले. "तोवर हजर मांडा." मी मांडली. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. परीक्षेच्या वेळी तिला पन्नासाच्या आसपास गुण द्यायचे, फार नाही, फार कमी नाही. अशी इंदू तिसरीत गेली, चौथीत गेली; तोच वर्ग घेऊन मीही वर सरकत होतो. शाळेत न येणारी ती एकटी नव्हती. पण कागदावर इतकी नियमित दुसरी कोणी नव्हती.

दर जूनमध्ये हेडमास्तर मला तिच्या घरी पाठवत, समजूत घालायला. पहिल्या वर्षी मी कर्तव्य म्हणून गेलो. पुढं मला दुसरीकडं कुठं जावंसं वाटेनासं झालं.

त्या शेडमध्ये शिकवणं असं काहीच चालत नसे. बारदान पसरून मिस्त्री इंजिनाचे सुटे भाग मांडत. इंदू त्यांतला एखादा उचलून बाजूला जाई. तो कशासाठी आहे हे तिला कळेपर्यंत मिस्त्री थांबत. गिऱ्हाईक घाईला आलेलं असलं तरी थांबत. एकदा एक शेतकरी म्हणाला, "मिस्त्री, मिरच्या वाळून राह्यल्या माह्या. पोरगी काय खेळून राह्यली?" मिस्त्री म्हणाले, "थे खेळून राह्यली म्हूनच तुमचं इंजिन आज चालू होइन." आणि खरंच, नोझलच्या भोकात अडकलेला कचरा तिच्याच लहान बोटांना सापडला.

गावात थट्टा होई. पारावरून कोणी ओरडे, "काय मिस्त्री, पोट्टी इंजिनाले देता का लग्नात?"

"पाह्यतो. इंजिन हुंडा नाई मांगत," मिस्त्री चालता चालता म्हणत.

विहिरीची खोली तिनं दोरीनं मोजली. मग दोरी न सोडता मोजता येईल का, यावर दोन महिने घालवले. खडा टाकून ती आकडे म्हणत बसे. इंजिनाबरोबर येणारं माहितीपत्रक तिला पाठ होतं, आणि त्यातली एक चूकही तिनं काढली होती. पण खोटं कशाला सांगू, मधले आठ-आठ दिवस ती काहीच करत नसे. शेडच्या मागं मुंग्यांची रांग पाहत पडून राही. मला ते सहन होत नसे.

"आज काय शिकली ही?" मी विचारी.

"मले काय मालूम? तिलेच इचारा."

"मिस्त्री, तिला इतिहास येत नाही. व्याकरण येत नाही. राज्याचे जिल्हे येत नाहीत."

"तुमच्या पोट्ट्यायले येते?"

"येतात. पाठ आहेत."

"मंग त्यायले इचारा ना एखांद्या दिवशी, की त्या जिल्ह्यात माणसं राह्यतेत का," मिस्त्री म्हणाले आणि हसले. मलाही हसू आलं. घरी आल्यावर ते राहिलं नाही.

मी तिला बुलढाण्याहून पुस्तकं आणून देऊ लागलो. माझे वडील तिथं कचेरीत कारकून होते, वाचनालयात ओळख होती. इंदू पुस्तक मधूनच उघडून वाचायची, कंटाळली की ठेवून द्यायची, आणि तेच पुस्तक वर्षभरानं पुन्हा मागायची. तिच्यासाठी मी एक वही केली. डाव्या पानावर तिनं काढलेलं चित्र, उजव्या पानावर त्या भागाचं नाव आणि काम, माझ्या अक्षरात. माझं अक्षर तेव्हा तालुक्यात नावाजलेलं होतं. मिस्त्री ती वही हात धुतल्याशिवाय उघडत नसत.

ती बारा वर्षांची असताना बापाबरोबर सामान आणायला मलकापूरला गेली. तिथल्या एका हायस्कुलाच्या खिडकीतून तिनं प्रयोगशाळा पाहिली. काचेच्या बरण्या, स्पिरिटचे दिवे, टेबलावर पितळी नळीचं एक यंत्र. एक मुलगा त्याला डोळा लावून उभा होता. शिपायानं हाकलेपर्यंत ती तिथंच होती.

"पाण्याचा थेंब मोठा करून पाहाचं यंत्र हाये गुरुजी तिथं," तिनं मला सांगितलं. "मले तिथं जाचं हाये."

पुढच्या आठवड्यात मिस्त्री माझ्या खोलीवर आले. आधी कधी आले नव्हते. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "तिथं जाले काय लागते?"

"सातवी पास लागते. सातवीची परीक्षा केंद्रावर होते आणि तिला शाळेतून नाव जावं लागतं."

"म्हंजे नाई जमत."

"जमतं," मी म्हणालो. "तिचं नाव पटावर आहे. सहावीत आहे ती."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. "पाच वर्षं हजर हाये थे?"

"हो."

"आन मी म्हनत होतो, शाळेपासून वाचवली," ते म्हणाले.

त्या महिन्यात शाळेची तपासणी होती. तपासणीला येणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांना गावात अजून दिपोटीच म्हणत. सहावीतली मुलं कच्ची होती आणि हेडमास्तर धास्तावले होते. युक्ती मी काढली. हे कोणावर ढकलता येणार नाही. तपासणीच्या एका दिवशी इंदूनं वर्गात येऊन बसायचं. साहेबांना एक चुणचुणीत मुलगी दिसेल, आमचा शेरा चांगला येईल, आणि त्या बदल्यात हेडमास्तर तिला सातवीच्या परीक्षेला बसवतील. हेडमास्तरांनी मान डोलावली.

"म्हंजे खोटं बोलाचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं."

मिस्त्रींनी इंदूकडे पाहिलं. ती आधीच उठून उभी राहिली होती.

तपासणीच्या दिवशी ती धुवट परकर-पोलकं घालून आली. साहेबांनी हौदाचं गणित घातलं. एका नळानं हौद चार तासांत भरतो, दुसऱ्यानं सहा. दोन्ही मिळून किती वेळात? वर्ग खाली मान घालून बसला. इंदूचा डावा हात वर गेला.

"साहेब, दोनी नळ एकाच इंजिनावर हायेत का येगयेगळ्या?"

साहेब गोंधळले. "त्यानं काय होतं?"

"एकाच इंजिनावर असले तं दुसरा नळ लावल्यावर पह्यल्याचं पाणी कमी होइन. मंग हे गणित नाई होत."

साहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांना मनापासून आनंद झालेला मला दिसला. "वेगवेगळ्या इंजिनांवर आहेत, बाळ."

"मंग दोन तास चोवीस मिनिटं."

"शाब्बास. कोणी शिकवलं तुला हे?"

मी फळ्याजवळ उभा होतो. मुलांनी अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ते गुरुजींकडे बोट दाखवतं. इंदूला जे विचारलं त्याचंच उत्तर द्यायची सवय होती.

"कोनं नाई. बाबाच्या शेडीत पाह्यलं."

"आणि शाळेत?"

"मी शाळेत नाई येत, साहेब. आज गुरुजीनं बोलावलं म्हून आली."

साहेबांनी हजेरीपट मागवला. बोट फिरवत ते त्या महिन्याच्या शेवटापर्यंत गेले, मग मागची पानं चाळली. तिच्या नावापुढं एकही खाडा नव्हता. प्रत्येक तपासणीची त्यांची स्वतःची सही त्या पानांवर होती. त्यांनी पट मिटला आणि हेडमास्तरांना शांतपणे म्हणाले, "हे नीट करून घ्या. पुढच्या महिन्यात मी पुन्हा येतो." मग हेडमास्तरांच्या घरी जेवण झालं. शिरा केलेला होता.

नीट करायचे दोन मार्ग होते. त्या मुलीला खरोखर सहावीत बसवायचं, हा एक. मी तो सुचवला. हेडमास्तर म्हणाले, "सहावीत बसवली तर मागची पाच वर्षं हजर कशी, हे साहेब विचारतील. तुम्ही सांगाल?" मी सांगेन असं मी म्हणालो नाही. नोकरी कच्ची होती, बहिणीचं लग्न ठरत होतं. ही कारणं खरी होती आणि आजही खरी आहेत. त्यांचा उपयोग काय ते मला अजून कळलेलं नाही.

लागोपाठ तीन रविवार मी हेडमास्तरांच्या ओसरीवर बसून पाच वर्षांचे हजेरीपट नव्यानं लिहिले. प्रत्येक वर्षाला वेगळा टाक, वेगळी शाई. एका वर्षाला मुद्दाम पाणी घालून फिकी केलेली. दुसरीच्या पटावर इंदूच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं: सतत गैरहजर, नाव कमी केले. पट घटू नये म्हणून तिच्या जागी एका दुसऱ्या मुलीचं नाव चढवलं. ती मुलगी तेव्हा आजोळी संग्रामपूरकडं राहत होती. पुढच्या महिन्यात साहेबांनी येऊन पाचही पटांवर नव्यानं सह्या केल्या.

मिस्त्रींना मी यातलं काही कळवलं नाही. जूनमध्ये ते इंदूला घेऊन आले, सातवीत बसवायला. नखांतलं तेल घासून घासून काढलेलं, पांढरा सदरा. हेडमास्तरांनी पट उघडून त्यांच्यापुढं सरकवला.

"नाव दुसरीतच कमी झालंय. दुसरी पूर्ण नाही. दुसरीत बसवू शकतो, हवं तर."

मिस्त्री वाचायला लागले. ते हळू वाचत, ओठ हलवत. लाल शाईशी थांबले. मग माझ्याकडे वळले.

"गुरुजी, हे तुमचं अक्षर हाये ना?"

"हो."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काही तरी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

"बसशीन?" त्यांनी इंदूला विचारलं.

"बसतो," ती म्हणाली.

ती दुसरीत बसली. त्या वर्षी दुसरी पुन्हा माझ्याकडं होती, म्हणजे माझ्याच वर्गात. सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत गुडघे उभे करून, कारण मांडी घातली की शेजारच्या दोघांना जागा उरत नसे. मुलं तिला मावशी म्हणत. दरवर्षी एक इयत्ता, म्हणजे सातवीला ती सतरा वर्षांची झाली असती. हा हिशेब तिनं पहिल्याच दिवशी केला असणार. तरी दिवाळीपर्यंत ती आली, आणि त्या पाच महिन्यांत तिनं एकदाही प्रश्न विचारला नाही. दिवाळीनंतर आली नाही. हेडमास्तर म्हणाले, पट कमी होतो, नाव राहू द्या. मी राहू दिलं. हजेरी मांडत गेलो.

मिस्त्रींनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही. मी शेडवर गेलो की "या" म्हणत, चहा सांगत. पण माणूस बदलला. आता कोणी काही विचारलं की ते तिथल्या तिथं सांगून टाकत. वायसर गेला. रिंग झिजली. इतके वाजता या. लोकांना ते बरं वाटे, वेळ वाचे. कोणी पोराला शेडमध्ये घेऊन आला तर ते त्याला म्हणत, "इथं काऊन आणला? शाळेत धाड." मी हे ऐकलं आहे.

एकदाच ते त्यावर बोलले. माझी बदली झाली होती, निरोप घ्यायला गेलो होतो.

"चूक माहीच झाली गुरुजी. मी तिले शिकू देल्लं. कागद नाई पाह्यला."

"चूक तुमची नव्हती, मिस्त्री."

"मंग कोनाची म्हना?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच ऐकायचं होतं. हात थांबवून ते माझ्याकडे पाहत राहिले, एखाद्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसे. मी म्हणालो, बसची वेळ झाली.

इंदूचं लग्न सोळाव्या वर्षी देऊळघाटाकडं झालं. नवरा शेतकरी, माणूस चांगला. मला पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

मिस्त्री गेल्याचं मला यंदा, पंधरा दिवसांनी कळलं. रविवार पाहून मी गेलो. तेरावं होऊन गेलं होतं. शेड रिकामी होती. हत्यारं कोणी घेऊन गेलं होतं. इंदू तिथं झाडत होती. तिनं मला ओळखलं, खाली वाकून नमस्कार केला. मी नको म्हणेपर्यंत करून झाला होता. तिची आठ वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल, अंगावर आईचं पातळ गुंडाळलेलं.

"ताप आहे का हिला?"

"हाव. दोन दिवस झाले. पाचच्या गाडीनं चाललो आमी. उद्या शाळा हाये तिची."

"तापात?"

"तापातच जाते. तेराव्यालेही नाई आणलं मी तिले. शाळा बुडली असती. आज रविवार म्हून आणलं." तिनं झाडू ठेवला. "पह्यलीपासून एक खाडा नाई तिचा. मी सोता जाऊन पाह्यतो पटावर, महिन्याच्या महिन्याले. गुरुजी लोक दाखवत नाईत, पन मी पाह्यल्याबिगर हालत नाई."

"एखाद्या दिवसानं काय बिघडतं, इंदू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. विहिरीत खडा टाकून ती आकडे म्हणायची, तेव्हा तिचा चेहरा असा असे.

"तुमी म्हनता हे, गुरुजी?"

गुरुजी हा शब्द ऐकून भिंतीशी बसलेल्या मुलीनं डोळे उघडले. पातळ बाजूला सारून ती उठली, तोल सावरला आणि हाताची घडी घालून माझ्यासमोर सरळ उभी राहिली. अंगावर काटा होता, दात वाजत होते. मी तिला बस म्हणालो. ती बसली नाही. हे खरं बस म्हणणं आहे की परीक्षा आहे, ते विचारायला ती आईकडे पाहू लागली.